लिल्लाहचा पैसा आणि गावातली कामे

रमजानचा पहिला अशरा संपत आला की वैजापुरात पावतीपुस्तकांची ये-जा वाढते. बिहार-उत्तर प्रदेशातल्या मदरशांचे सफीर येतात, मालेगावचे येतात, गावातले तर असतातच. सहसा कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही. कांद्याला भाव मिळाला असेल तर रक्कम थोडी मोठी, नसेल तर लहान, एवढाच फरक. देण्याच्या बाबतीत आपला समाज हात आखडत नाही. पण दिलेला पैसा कोणत्या कामाला लागावा, हे ठरवतो कोण, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आमच्या ओळखीचा एक शिकवणी वर्ग आहे. दोन बहिणी भाड्याच्या खोलीत मोहल्ल्यातल्या मुलींना सातवी ते दहावीचे गणित आणि इंग्रजी शिकवतात. फी देता आली तर द्यायची. दोन वर्षांत या वर्गाला तीनदा दप्तरे मिळाली, एकदा रेशन किट मिळाले, प्रत्येक वेळी फोटो निघाले. खोलीचे भाडे, पंख्याचे बिल आणि त्या दोघींना महिन्याकाठी हातात पडावे असे काही, यासाठी मात्र एकाही दात्याने विचारले नाही. चौथ्यांदा दप्तरे आली तेव्हा मुलींनी ती धाकट्या भावंडांना दिली. वर्ग बंद पडला तर तो दप्तरांअभावी पडणार नाही, भाड्याअभावी पडेल.

इथे एक अडचण खरीखुरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. जकातीचे आठ हकदार सूरह तौबामध्ये ठरवून दिलेले आहेत. हनफी मतानुसार जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, यालाच तमलीक म्हणतात. त्यामुळे इमारतीचे भाडे, विजेचे बिल किंवा शिक्षिकेचा पगार जकातीतून थेट देता येत नाही. याबद्दल शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तींना विचारावे, आम्ही शिक्षक आहोत, फतवा देणारे नाही. पण म्हणूनच लिल्लाहचा, म्हणजे नफली सदक्याचा पैसा महत्त्वाचा ठरतो. त्याला ही अट नाही. आणि आपल्या घरांत हिशेब करून निघते ती जकात, लिल्लाह निघतो तो खिशात उरलेल्या सुट्ट्या पैशांतून. ज्या पैशाला हातपाय मोकळे आहेत, तोच आपण सर्वांत कमी देतो.

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा त्यांनी रसूलुल्लाह (स.) यांचा सल्ला घेतला. जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा तो सल्ला होता. वक्फच्या परंपरेचा हा एक मोठा आधार मानला जातो. त्यातली एक बाब आम्हाला नेहमी सांगाविशी वाटते: जमिनीची देखभाल करणाऱ्याला रीतीप्रमाणे त्यातून खाण्याची मुभा होती. काम चालवणारा माणूसही जगला पाहिजे, हे तेव्हाच मान्य झाले होते. आज मात्र संस्थेने ‘पगारावर खर्च’ असे लिहिले की आपल्या भुवया उंचावतात.

औरंगाबादची पाणचक्की सहलीला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेली असते. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहची ती चक्की. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर दळण होत असे आणि ते पीठ मुसाफिरांच्या, गरिबांच्या पोटात जात असे. आपल्याच तालुक्यात, गोदावरीकाठच्या सरला बेटाच्या सप्ताहात गावोगावच्या घरांतून भाकरी येते आणि आमटी जागेवर शिजते. भाकरीवर कोणाचे नाव नसते.

पाश्चात्त्य देशांत याच विचाराला वेगळी वाट सापडली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाचे एक बँकर होते. श्रीमंत लोक मृत्युपत्रात ठरावीक कामासाठी पैसा ठेवून जातात, पुढे ते काम कालबाह्य होते आणि पैसा तिजोरीत अडकून पडतो, हे त्यांनी पाहिले होते. १९१४ मध्ये त्यांनी क्लीव्हलँड फाउंडेशन सुरू केले. अनेकांचे पैसे एका निधीत, आणि त्या त्या वेळची शहराची गरज पाहून खर्च ठरवणारी स्थानिक समिती. आज एकट्या अमेरिकेत असे सातशेहून अधिक निधी आहेत. मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर उभा राहिला.

तरीही मराठी माणसाला जवळचा वाटेल तो दाखला सामाजिक कृतज्ञता निधीचा. डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी तो उभा केला. नामवंत कलाकारांनी आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले आणि त्यातून पैसा जमवला. मुद्दल राखून व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, अशी त्याची रचना. मानधन थोडेच असे, पण ते कार्यकर्त्याच्या घरात जाई आणि त्याने ते तेलावर खर्च केले की एसटीच्या तिकिटावर, हे कोणी विचारत नसे. दात्याने माणसावर विश्वास टाकला होता, वस्तूवर नाही.

हे सगळे आज सांगण्याचे कारण म्हणजे छोट्या संस्थांच्या बाकीच्या वाटा अरुंद झाल्या आहेत. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेला परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या लहान संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, हा नियम २०१४ पासून लागू आहे, पण तो पैसा बहुधा कारखान्यांच्या आसपास फिरतो आणि तो घेण्यासाठी संस्थेला नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. भाड्याच्या खोलीतल्या दोन बहिणी तो कुठून आणणार? त्यांच्यापर्यंत पोचेल असा पैसा गावातूनच उभा राहू शकतो.

आकडे फार मोठे नाहीत. ५० घरांनी महिन्याला १०० रुपये लिल्लाह म्हणून बाजूला काढले तर वर्षाला ६०,००० होतात. वैजापुरात एका वर्गाचे भाडे, वीज आणि शिकवणाऱ्यांना थोडेफार मानधन त्यात बसू शकते. जकातीचा पैसा यात मिसळू नये, त्याचे खाते आणि वही वेगळी असावी. लोकांचे पैसे नियमित गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंद करून घ्यावी, म्हणजे उद्या कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. हिशेबाचा कागद दर तीन महिन्यांनी मशिदीच्या फलकावर लावावा. मदत घेणाऱ्याचे नाव आणि फोटो त्यावर नसावेत, रक्कम आणि काम पुरेसे आहे. पैसा एका वर्षापुरता न देता तीन वर्षांसाठी कबूल करावा. शाळेतली मुलगी सातवीत आली तर दहावीपर्यंत वर्ग चालू राहील, एवढी खात्री तिच्या आईला हवी असते.

राहिला प्रश्न ठरवणाऱ्यांचा. अशा समित्यांत नेहमीचे चार-पाच दुकानदार आणि एखादा निवृत्त अधिकारी असतो. कोणत्या घरातली मुलगी शाळा सोडणार आहे, कोणाचा औषधाचा खर्च थकला आहे, हे मात्र बायकांना आधी कळते. म्हणून किमान निम्म्या जागा त्यांच्या असाव्यात आणि ज्यांना मदत मिळते त्यांच्यातल्या एखादीलाही बोलावावे. बैठक इशानंतर ठेवली तर त्या येणार नाहीत. रविवारी जुहरनंतर, शाळेच्या एखाद्या वर्गात ती ठेवता येईल.