लाईट गेल्यावरची वीज

मराठीत वीज जात नाही, लाईट जाते. शहरात ‘लाईट गेले’ म्हणणारे पुष्कळ, गावाकडे बहुधा ‘लाईट गेली’. लिंगवचनाचा हा वाद सोडला तर शब्द एकच. घरात वीज प्रथम आली ती दिव्यासाठी. पुढे पंखा, मिक्सर, टीव्ही, पाण्याची मोटर असे सगळे तिच्यावर चालू लागले तरी नाव दिव्याचेच राहिले. सरकारी मराठीने या प्रांतात दोन शब्द दिले, ‘भारनियमन’ आणि ‘जनित्र’. त्यांतला पहिला २००५ च्या आसपास घरोघरी रुळला, कारण दुखणे रोजचे होते. दुसरा कागदावरच राहिला. आपण जनरेटर म्हणतो, आणि मीही येथे तेच म्हणणार आहे.

माझे आयुष्य विद्युत अभियांत्रिकी शिकवण्यात गेले. तरीही या लहानग्या यंत्राकडे मी नीट पाहिले ते ३ जून २०२० नंतर. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि रायगडसह उत्तर रत्नागिरीतले विजेचे खांब माडा-पोफळींबरोबर आडवे झाले. कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. टाळेबंदीमुळे मी दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीतच अडकलो होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भाड्याचे जनरेटर फिरू लागले. तासाच्या हिशेबाने विहिरीचे पाणी टाकीत चढे, आणि त्या तासात वाडीभरचे मोबाईल एका बोर्डावर लटकलेले असत. त्या दिवसांत काय जळते, काय वाचते आणि का, याची जी टिपणे मी केली, त्यांतून हा लेख उभा राहिला आहे. उपकरणे वाचवण्याचा प्रश्न मी आधी घेतो. माणसे वाचवण्याचा त्याहून मोठा, पण तो समजायला आधीचा भाग उपयोगी पडतो.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. २३० हा आकडा एका खास प्रकारच्या सरासरीचा आहे. लाटेचे टोक प्रत्यक्षात ३२५ व्होल्टपर्यंत जाते. जनरेटरमध्ये हीच लाट इंजिनाने घडवायची असते. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांत सापेक्ष हालचाल झाली की वेटोळ्यात वीज उपजते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. आपला जनरेटर त्यापलीकडे फारसा गेलेला नाही. लहान यंत्रात ध्रुव दोन, म्हणजे एका फेऱ्याला एक आवर्तन. सेकंदाला ५० आवर्तने हवीत तर मिनिटाला ३००० फेरे हवेत. लग्नमंडपामागे धडधडणारा मोठा डिझेल जनरेटर चार ध्रुवांचा असतो, म्हणून तो १५०० फेऱ्यांवर तेच काम निवांतपणे करतो.

इंजिनाचा वेग डळमळला की आवर्तने डळमळतात, आणि साध्या जनरेटरमध्ये व्होल्टेजही. हा वेग सांभाळतो गव्हर्नर, म्हणजे एक तरफ आणि एक स्प्रिंग. भार पडला की तो पेट्रोल वाढवतो, भार उतरला की कमी करतो, पण त्याला क्षणभर वेळ लागतो. सारी गोम त्या क्षणात आहे. समजा, जनरेटरवर पाण्याची मोटर आणि टीव्ही एकत्र चालू आहेत. मोटर बंद केली. इंजिन अजून मोटरीपुरते पेट्रोल ओढतेच आहे; ओझे मात्र गेले. ते उसळते, व्होल्टेज उसळते आणि सगळा आहेर एकट्या टीव्हीच्या वाट्याला येतो.

यावर गावोगावचा इलाज म्हणजे ‘जरा रेस वाढव’. मोटर नीट उचलत नाही, बल्ब मंद आहेत, मग गव्हर्नरचा स्क्रू पिळायचा. बल्ब उजळतात, सगळे समाधानी होतात. प्रत्यक्षात यंत्राला झेपत नसलेले ओझे तसेच राहते आणि वर रिकाम्या वेळचे व्होल्टेज वाढून बसते. ज्या स्वस्त जनरेटरमध्ये व्होल्टेजचे नियमन कपॅसिटरवर सोडलेले असते, तिथे वेग थोडा वाढला तरी व्होल्टेज त्याहून जास्त प्रमाणात वाढते. एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज आपोआप सावरणारे सर्किट असलेले यंत्र यात बरे. त्या स्क्रूला मेकॅनिकनेही मीटर लावल्याशिवाय हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मीटरही ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेला हवा, कारण साधा मीटर लाट शुद्ध आहे असे गृहीत धरून आकडा सांगतो, आणि जनरेटरची लाट बहुधा शुद्ध नसते.

आता उपकरणांकडे. मोबाईलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असते. लॅपटॉपच्या अडॅप्टरवरही तेच. यांच्या पोटातला एसएमपीएस आलेली लाट आधी सरळ करून एका कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग हवी तशी कापून वापरतो. म्हणून आवर्तने ४८ असोत की ५३, त्याला सोयरसुतक नाही. लाट वेडीवाकडी असली तरी तो निभावतो. लोक नेमके उलटे समजतात: टीव्ही, लॅपटॉप ‘नाजूक’ आणि फ्रिज, पंखा ‘दणकट’. कमी व्होल्टेजमध्ये टीव्ही फार तर बंद पडतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर मात्र उचलण्याची धडपड करत तापत राहतो आणि त्याचे वेटोळे जळते. एसएमपीएसला मारते ते अतिरिक्त व्होल्टेज. त्याचा कपॅसिटर साधारण ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो, आणि लाटेचे टोक तिथवर पोचले की तो फुगतो किंवा फुटतो. ‘स्पाइक गार्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीचा येथे फारसा उपयोग नाही. आत व्हॅरिस्टर असलाच तर तो क्षणार्धाचा झटका पचवतो. मिनिटभर २८० व्होल्ट येत राहिले तर काही करू शकत नाही. पुष्कळ पट्ट्यांत तर बटणांखेरीज काहीच नसते.

तेव्हा क्रम महत्त्वाचा. जनरेटर रिकामाच सुरू करायचा, दोन-चार मिनिटे तापू द्यायचा, मग सर्वांत जड उपकरण आधी जोडायचे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू शेवटी. बंद करताना उलट: टीव्ही आणि चार्जर आधी काढायचे. टाकी कोरडी होईपर्यंत भारासकट चालवणे ही सर्वांत वाईट सवय. पेट्रोल संपत आले की इंजिन आचके देते, प्रत्येक आचक्यासरशी व्होल्टेज पडते आणि उसळते.

भाराचा हिशेबही थोडा करावा लागतो. एलईडी बल्ब ९ वॉट, राउटर १० च्या आसपास, लहान टीव्ही ५०, साधा छतपंखा ७५. या सगळ्यांना एक केव्हीएचे यंत्र पुरून उरते. फ्रिज चालू असताना दीडशे वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट मागतो. एक अश्वशक्तीच्या मोटरीचेही तसेच. म्हणून मोटर आणि टीव्ही एकाच वेळी लावूच नयेत. पाणी चढवून घ्यावे, मग बातम्या पाहाव्यात. गीझर आणि इस्त्री यांचे नाव काढू नये.

ज्यांना परवडते त्यांच्यासाठी इन्व्हर्टर जनरेटर आहे. त्यात इंजिन कोणत्याही वेगाने फिरो, तयार झालेली वीज आधी सरळ करतात आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिच्यापासून ५० आवर्तनांची शुद्ध लाट नव्याने घडवते. वेग आणि आवर्तने यांचे लग्न तिथे मोडलेले असते. भार कमी असेल तर इंजिनही हळू चालते, आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचते. नव्वदीत दुकानादुकानांपुढे पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे ‘बिर्ला यामाहा’ आणि ‘श्रीराम होंडा’ ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे यंत्र चालू आहे की नाही अशीच शंका येईल.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जनरेटरवर हमखास येते. अडॅप्टरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून अगदी किंचित प्रवाह अंगावर येत असतो. अर्थिंग असेल तर तो तिकडे जातो, नसेल तर तुमच्याकडे. तेवढ्याने धोका नाही, पण अर्थिंग नाही एवढी बातमी त्यातून कळते. लहान जनरेटरचे न्यूट्रलही बहुधा जमिनीला जोडलेले नसते, म्हणून सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर मंद पेटतो आणि वायरमन गोंधळतो. अशा वेळी घरातला आरसीसीबी आपले रक्षण करीलच असे धरून चालू नये.

वायरीकडे कोणी पाहत नाही. पाऊण चौरस मिलिमीटरची ३० मीटर वायर घ्या. जाऊन-येऊन तिचा रोध १.४ ओहम होतो. ६ अँपिअर वाहिले की साडेआठ व्होल्ट वाटेतच गळतात आणि ५० वॉट उष्णता वायरीत उतरते. वायर पसरलेली असेल तर हे जाणवतही नाही. पण गुंडाळी न सोडता तशीच वापरली तर ते ५० वॉट वीतभर जागेत कोंडतात आणि आवरण वितळते. जाड वायर घ्यावी, पूर्ण उलगडावी.

आता माणसांचा भाग. वायर लांब लागते, कारण जनरेटर घरापासून दूर हवा. निदान वीस फूट. कोकणातली अडचण अशी की वादळानंतर पाऊस येतो, आणि पावसात यंत्र भिजू नये म्हणून ते पडवीत येते. पडवीला लागून माजघर, आणि मधल्या भिंती कौलांपर्यंत पोचलेल्याच असतात असे नाही. धुराड्यातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला रंग नाही, वास नाही. धूर वर जाऊन कौलांतून निघून जाईल हा समज चुकीचा, कारण हा वायू वजनाने जवळपास हवेइतकाच आहे. तो घरभर मिसळून राहतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय जड होतात, आणि माणूस म्हणतो, दिवसभर झाडे तोडली, दमलो असेन, जरा पडतो. झोपलेला माणूस मग उठत नाही. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, याने भागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये हिमवादळाने वीज गेली तेव्हा थंडीपायी लोकांनी जनरेटर घरात आणि गॅरेजात चालवले, आणि विषबाधेच्या रुग्णांनी रुग्णालये भरली. तिथे थंडी, इथे पाऊस; यंत्र आत आणायला कारण लागतेच. आमच्या वाडीत उपाय निघाला तो साधा होता: खळ्याच्या कडेला चार बांबूंवर कलता पत्रा, चारी बाजू मोकळ्या, धुराड्याचे तोंड घराकडे पाठ करून.

दुसरा धोका माझ्या मते याहून दुर्लक्षित आहे, कारण त्यात मरणारा आपल्या घरातला नसतो. एक-एक उपकरण जोडण्यापेक्षा सगळ्या घरालाच वीज द्यावी म्हणून काही जण दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करतात. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे भिंतीतल्या सॉकेटमध्ये. घर उजळते. पण मेन स्विच चालू राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. त्यावर युक्तिवाद ऐकू येतो की एवढासा जनरेटर गावाचे ओझे कसे पेलेल, तो बंदच पडेल. गाव जोडलेले असेल तर पडेलही. वादळानंतर मात्र तार दोन खांबांपलीकडे तुटलेली असते, त्या तुकड्यावर तुमचे एकच घर असते, आणि वायरमन ती तार मेलेली समजून हातात घेतो. त्याला २३० व्होल्ट पुरेसे आहेत. आणि तो तुकडा डीपीपर्यंत शाबूत असेल, डीपी लहान आणि रिकामी असेल, तर जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देतो तोच उलट्या दिशेने व्होल्टेज चढवूनही देतो. शिवाय वायरीचे एक टोक निघाले तर उघड्या पिनांत वीज असते. आणि लाईट अचानक आली तर दोन्ही लाटा एकमेकींवर आदळून जनरेटरचे वेटोळे जळते.

यावर चेंजओव्हर स्विच हाच उपाय. त्याचा दांडा एका बाजूला असताना दुसरी बाजू जोडली जाऊच शकत नाही. विसरणे, घाई, अंधार यांतले काहीही आड येत नाही. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा, आणि परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. ‘मेन बंद केला की झाले’ म्हणणारे लोक मला भेटले. ते रोज मेन बंद करत असतीलही, पण खांबावरच्या माणसाला ते कळायची सोय नाही. वादळानंतरच्या त्या आठवड्यांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले कर्मचारी चिखलात खांब उभे करत होते. कोणत्या घरामागे काय धडधडते आहे हे त्यांना माहीत असणे शक्य नव्हते. ज्यांच्याकडे चेंजओव्हर नाही त्यांनी घराच्या वायरिंगला हातच लावू नये. जनरेटरपासून थेट वायर आणावी आणि बोर्डावर उपकरणे लावावीत, आमच्या वाडीतले मोबाईल लटकत तसे.

पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटते, तेव्हा कॅन देवघराच्या किंवा चुलीच्या बाजूला ठेवू नये. लाईट परत आल्यावर यंत्र तसेच कोपऱ्यात ढकलले तर काही महिन्यांत कार्बोरेटरमधल्या पेट्रोलचा चिकटा होतो आणि पुढच्या वादळात दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. म्हणून ठेवण्याआधी टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. तेव्हाही ते आचके देईलच. फक्त त्या वेळी सॉकेटमध्ये काहीही लावलेले नसावे.