बॉनेटखालची किंकाळी

कारंजा-मंगरूळपीरकडे जुनी मारुती ८०० अजून धावते. पावसाळी सकाळी ती सुरू करताच बॉनेटखालून ‘चींऽऽ’ ऐकू येते. हा फॅन बेल्टचा आवाज. नाव फॅनचं असलं तरी तो अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो. गाडी सुरू करताना स्टार्टरने बॅटरी खाल्लेली असते. अल्टरनेटर जोर लावतो, ढिला बेल्ट पुलीवर घसरून कंप पावतो.

चालू इंजिनात बेल्टवर थोडं पाणी शिंपडा, हात लांब ठेवून. किंकाळी वाढली तर ताण कमी. क्षणभर थांबून परतली तर पुली वाकडी किंवा बेल्ट गुळगुळीत. इंजिन बंद करून अंगठ्याने दाबा: साधारण सेंटिमीटरभर दबावा. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताण द्या, पण अती ताणलं की बेअरिंग जातं. भेगा दिसल्या तर बेल्ट बदलाच. आवाज दाबायला बेल्टवर स्प्रे मारणं मला फसवणूक वाटते.