लाल दिवा लागला, पण तुटलं कुठे?

जुळे सोलापुरातल्या एखाद्या घरी इंटरनेट बंद पडतं आणि भिंतीवरच्या डबीवर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकू लागतो. डबीपर्यंत पुरेसा प्रकाश येत नाही, एवढंच तो सांगतो. अडलंय कुठे, ते शोधावं लागतं. म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी शिडी काढत नाही. आणखी कोणाकोणाचं बंद आहे, ते पाहतो.

इथे स्प्लिटर, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग, कामाला येतो. एका फायबरवर ३२ घरं असतील आणि एकच बंद असेल, तर दोष बहुधा स्प्लिटर ते घर या टप्प्यात. बत्तीसही एकदम गेली, तर मुख्य केबल किंवा एक्स्चेंजमधलं पोर्ट.

तिथल्या पडद्यावर आणखी एक खूण मिळते. वीज गेली की डबी विझता विझता शेवटचा निरोप धाडते. या धंद्यात त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. तो आला असेल तर केबलच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मग पॉवर मीटर. जीपीओएन जोडणीत घरी येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा. बी प्लस वर्गाच्या डबीला तो किमान उणे २७ डीबीएम लागतो. मीटरवर उणे ३० दिसलं म्हणजे फायबर तुटलीच, असं नाही. ती दारात दाबली गेलेली असते, खिळ्यापाशी काटकोनात वळवलेली असते, किंवा कनेक्टरवर धूळ बसलेली असते. प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्याला एक कणही पुरतो. हिरव्या कनेक्टरला निळा जोडणं हीसुद्धा नेहमीची चूक. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं, निळ्याचं सरळ. दोन्ही नीट टेकतच नाहीत.

मुख्य केबल गेली असेल तर ओटीडीआर लावतात. हे यंत्र प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून अंतर काढतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन यायला किलोमीटरमागे १० मायक्रोसेकंद. पण यंत्र ६.२ किलोमीटर दाखवतं म्हणून होटगी रस्त्यावर गाडीच्या मीटरनं ६.२ मोजून खणायला घेतलं, तर खड्डा वाया जातो. जागोजागी केबलची वेटोळी शिल्लक ठेवलेली असतात, शिवाय आतली फायबर केबलपेक्षा किंचित लांब असते. म्हणून तुटलेली जागा रस्त्यानं मोजता अलीकडेच सापडते. कुठल्या जोडापाशी किती वेटोळी आहेत, याची नोंदवही नसेल तर महागडं यंत्रही निम्मंच उपयोगी.

गटारं, रस्ते, जलवाहिन्यांची कामं निघाली की जेसीबीच्या दातात केबल सापडतेच. त्यासाठी केंद्र सरकारनं २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खणणाऱ्यानं त्यावर आधी कळवलं, की जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते. सोसायटीच्या नळासाठी चर खणणाऱ्या ठेकेदारालाही वाचकांनी ते वापरायला लावावं.

आणि घरात फायबर निखळलेली दिसली, तर तिच्या टोकात डोकावू नये. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.