भगिनींचा आवाज आणि एक पुरस्कार

दि. ३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले, ते मुक्या समाजाला वाचा मिळावी म्हणून. आज तसे साधन मोबाईलच्या रूपाने घरोघरी आले आहे. दि. ८ मार्च २०२४ रोजी, जागतिक महिला दिनी, नवी दिल्ली येथे पहिले 'राष्ट्रीय क्रिएटर्स पुरस्कार' देण्यात आले. २० विभागांसाठी दीड लाखांहून अधिक नामांकने आली व सुमारे १० लाख मते पडली. स्वयंपाक शिकविणाऱ्या कबिता सिंग आणि पर्यावरणाचे महत्त्व सांगणाऱ्या पंक्ती पांडे यांचाही गौरव झाला. म्हणजेच घरातले ज्ञान हेही समाजाचे धन ठरले.

शिरूर-दौंडच्या आमच्या भगिनींजवळ असे ज्ञान भरपूर आहे. मात्र अनेक घरांत मोबाईल पुरुषाच्याच खिशात असतो. आमची कळकळीची विनंती आहे, मोबाईल तिच्या हाती द्या, खाते तिच्याच नावाने उघडा. पुरस्कार ही नंतरची गोष्ट आहे.