वीज वाहणारे सेंद्रिय स्फटिक

तांब्याच्या तारेंतून वीज वाहते, साखरेंतून किंवा मेणांतून वाहत नाहीं, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. धातूंत कांहीं इलेक्ट्रॉन मोकळे असतात. सेंद्रिय पदार्थांत ते आपापल्या रेणूशीं जखडलेले असतात. म्हणून सेंद्रिय पदार्थ वीजरोधकच असावयाचे, असें फार काळ मानलें जाई. १९५४ सालीं आकामातु, इनोकुची व मात्सुनागा या जपानी शास्त्रज्ञांनीं पेरिलीन व ब्रोमीन यांच्या संयुगांतून वीज बऱ्याच सुलभतेनें वाहते असें दाखविलें आणि या समजुतीस तडा गेला. तें संयुग मात्र टिकाऊ नव्हतें.

१९७३ सालीं अमेरिकेंत टी. टी. एफ. व टी. सी. एन. क्यू. या दोन पदार्थांचा काळा स्फटिक पुढें आला. दोहोंचे रेणु चपटे. पहिला इलेक्ट्रॉन देण्यास राजी, दुसरा घेण्यास उत्सुक. परंतु नुसत्या देवघेवीनें काम भागत नाहीं. ती मिठांतहि होते, तरी मिठाचा खडा वीज वाहूं देत नाहीं. येथें विशेष असा कीं, देणाऱ्या रेणूंची चवड निराळी आणि घेणाऱ्यांची निराळी रचली जाते. ताटावर ताट ठेवावें तसे हे रेणु एकमेकांस लागून बसतात व इलेक्ट्रॉनांस वरपासून खालपर्यंत सलग वाट मिळते.

दुसरा विशेष देवघेवीच्या प्रमाणांत आहे. वर्गांतील एकेका आसनावर एकेक विद्यार्थी बसला, तर कोणासच सरकतां येत नाहीं. कांहीं आसनें रिकामीं असलीं म्हणजे हालचाल होते. या स्फटिकांत दर रेणूमागें पूर्ण एक नव्हे, तर सरासरीनें ०.५९ इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो. त्यामुळें चवडींत जागा मोकळी राहते. नेहमींच्या तपमानास त्याची वाहकता तांब्याच्या सुमारें एक सहस्रांश भरते, आणि तीहि मुख्यतः चवडीच्या दिशेनेंच.

धातूप्रमाणें हा स्फटिक थंड करावा तों वाहकता वाढत जाते. पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत कांहीं थोड्या स्फटिकांत ती विलक्षण वाढलेली दिसली, तेव्हां विरोधरहित वाहकाची आशा जागी झाली. इतर प्रयोगशाळांस तो प्रकार आढळला नाहीं. उलट, उणें २१९ अंश सेंटिग्रेडच्या आसपास स्फटिक वीजरोधक बनूं लागतो, हें निश्चित झालें. एकाच रांगेंतील धातु थंडींत असा दगा देतो, हें रुडॉल्फ पायर्ल्स यांनीं १९५५ च्या आपल्या ग्रंथांत सांगितलें होतें. रेणूंमधील समान अंतरें मोडतात व वाट तुटते.

उपाय याच कारणांतून निघाला. कोपनहेगनच्या क्लाउस बेकगार्ड यांनीं गंधकाच्या जागीं सेलेनियम असलेला रेणु घेतला. सेलेनियमचा अणु मोठा असल्यानें शेजारच्या चवडीहि एकमेकींस भिडतात. रांग एकाकी राहत नाहीं. १९८० सालीं पॅरिसजवळील ऑर्से येथें डेनी जेरोम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा स्फटिक सुमारें १२,००० वातावरणांच्या दाबाखालीं ठेवला. निरपेक्ष शून्याच्या वर एक अंशहि अंतर उरलें नसतां त्याचा विरोध नाहींसा झाला.

इतक्या थंडींत व दाबांत होणाऱ्या गोष्टीचा संसारांत उपयोग काय, असें कोणी विचारील. धातुत्व हा कांहीं मूलद्रव्यांचाच जन्मसिद्ध गुण नसून तो रचनेंतूनहि निर्माण करतां येतो, ही गोष्ट या प्रयोगांनीं सिद्ध झाली. आणि ज्ञानाच्या व्यवहारांत हा लाभ लहान नव्हे.