आहे त्या रंगाचा फोटो

"जरा गोरी दिसंन असा काढ गं." फोटोला बसलेली बाई हे म्हणतेच. पुरुष तोंडाने म्हणत नाहीत, पण रुमाल काढून कपाळ पुन्हापुन्हा पुसतात. दोघांनाही मी सांगते, रंग आहे तोच येईल आणि चांगला येईल.

नंदगड हे खानापूर तालुक्यातलं बाजाराचं गाव. इथे मी रोल फिल्मवर कृष्णधवल फोटो काढते. समोर बसतात त्या भाताच्या चिखलात दिवस काढणाऱ्या बायका, जंगलाकडेचे गवळी धनगर, बाजारात आलेले म्हातारे. बहुतेकांचा रंग सावळा, काळा. हा रंग फोटोत खरा उतरवणं हेच माझ्या कामातलं खरं काम आहे, आणि ते मोजमापापासून सुरू होतं.

कॅमेऱ्यातला किंवा मोबाइलमधला मीटर वस्तूवरून परतलेला उजेड मोजतो. समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं धरून तो हिशेब करतो. पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेला सावळा म्हातारा समोर आला, की कपड्यांचा पांढरेपणा पाहून तो उजेड कमी घ्यायला सांगतो, आणि चेहऱ्याची काजळी होते. उलट फक्त काळा चेहराच जवळून मोजला, तर तो उजेड वाढवायला लावतो. मग चेहरा राखाडी, आजारी उतरतो. म्हणून मी हातातला मीटर वापरते. त्यावर पांढरा अर्धगोल घुमट असतो. तो माणसाच्या हनुवटीपाशी, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचा, म्हणजे चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजला जातो. चेहरा कुठल्याही रंगाचा असो, पडणारा उजेड तोच. सदरा पांढरा येतो, गाल सावळा येतो, दोघे आपापल्या जागी.

इलफोर्डची एचपी ५ ही फिल्म ४०० वेगाची. मी ती २०० धरते, म्हणजे दुप्पट उजेड देते. निगेटिव्हवर उजेड थोडा जास्त झाला तर निभावतं. कमी पडला तर डोळ्यांच्या खोबणीतलं, जबड्याखालचं काहीच नोंदलं जात नाही, आणि जे नोंदलंच नाही ते नंतर कुठल्याही औषधाने आणता येत नाही. पुढे रोल औषधात धुताना वेळ जरा कमी ठेवते, म्हणजे टोपीच्या घड्याही दिसतात. औषध २० अंशांवर लागतं. मे महिन्यात इथलं नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं, तेव्हा बर्फाची परात जवळ ठेवावी लागते.

माझा आवडता काळ पावसाळ्याचा. ढगातून उजेड मऊ येतो. उंबऱ्याच्या हातभर आत, बाहेर तोंड करून मी माणसाला बसवते. काळ्या त्वचेचा आकार सावलीपेक्षा चकाकीतून जास्त कळतो: गालाच्या हाडावरची, नाकाच्या शेंड्यावरची चकाकी. म्हणून कपाळ पुसायचा तो रुमाल मी आधी खिशात ठेवायला लावते. डोक्याला तेल लावलं असेल तर उत्तमच. मागे घोंगडं टांगलं की छान दिसतं असं पुष्कळांना वाटतं, पण काळे केस त्यात विरघळतात. चुन्याची जुनी भिंत बरी.

कॅमेरा यशिका मॅट, दोन भिंगांचा. तो पोटाशी धरून वरून काचेत बघायचं असतं. माझं तोंड यंत्रामागे लपत नाही, बोलणं चालू राहतं, मराठीतून नाहीतर कानडीतून. रोलवर बाराच फोटो बसतात. एके काळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्समधून 'इंदू' नावाची देशी फिल्म यायची; तो कारखाना बंद झाला. आता रोल परदेशातून येतो, महाग पडतो. बटण दाबण्याआधी गप्पा भरपूर होतात, आणि चेहरा सैल होतो तो त्या गप्पांतच.

गोरं करण्याची रीत मात्र जुनी आहे. स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा मारायचे. निगेटिव्ह जिथे दाट, तिथे प्रिंट उजळ. सुरकुत्या आणि वय त्यातच जायचं. रंगीत फिल्मच्या काळात लॅबवाले छपाईचे रंग जुळवायला कोडॅकचं 'शर्ली कार्ड' वापरत. त्यावर गोरी बाई असायची, आणि तिची कातडी बरोबर आली की छपाई बरोबर. काळी माणसं त्यात नीट येत नाहीत, ही तक्रार जुनीच होती. पण फिल्म सुधारण्याला जोर आला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या कुरकुरीने. हे वाचलं तेव्हा मला फार राग आला होता, अजून येतो.

याच्या उलट, जर्मनीत ऑगस्ट झांडर या फोटोग्राफरने शेतकरी, हलवाई, मजूर यांना पेन्सिलीच्या रिटचिंगशिवाय, समोरासमोर उभं केलं. त्याचं पुस्तक १९२९ साली निघालं, त्यात साठ चेहरे होते. १९३६ मध्ये नाझींनी त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले. माणसं जशी आहेत तशी दाखवणंही सत्तेला खुपतं. झांडरचे शेतकरी बघताना मला आमच्या शिवारातलीच माणसं दिसतात, तीच जाड बोटं, तोच सणासुदीचा ताठ कोट.

प्रत्येकाला मी एक प्रिंट देते; कुठला, ते त्यांनीच निवडायचं. निगेटिव्ह भरपूर पाण्यात धुऊन, हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं औषध, पूर्ण काढून, नाव आणि तारीख घालून ठेवते. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं, की हार घालायला फोटो शोधतात आणि शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणतात. ज्या बाईने साठ वर्षं घर ओढलं, तिचा भिंतीवरचा चेहरा त्या कार्डावरचा असू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून म्हाताऱ्या माणसांना मी आधी बसवते. तरुणांना थांबायला वेळ आहे.