दोघींना बाळ हवे आहे... मग काय वाचावे?

लग्नाला वर्ष उलटले की नव्या नवरीला सल्ला द्यायला आत्या, मावशी, शेजारीण सगळ्या पुढे येतात. डॉक्टर कोणता, पथ्य काय, दिवस कोणते, सारे न विचारताच सांगितले जाते. पण एकत्र संसार करणाऱ्या दोन स्त्रियांना बाळ हवेसे वाटले तर? त्यांनी कोणाला विचारायचे? नेहमीच्या पुस्तकांत तर पदोपदी ‘पतिराज’ भेटतात! म्हणूनच अशा जोडप्यांना मावशीच्या जागी पुस्तकांचा आधार घ्यावा लागला. ही पुस्तके इंग्रजीत आहेत आणि बहुतेक अमेरिकेत लिहिलेली आहेत.

आधी मनाची तयारी

या वाटेवरचे एक जुने पुस्तक म्हणजे चेरी पाईज यांचे ‘कन्सिडरिंग पेरेंटहुड’ (१९८५). सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पाईजबाईंनी ते खास समलिंगी स्त्रियांसाठी लिहिले. पुस्तक आहे कृतिपुस्तिकेसारखे, म्हणजे वाचायचे आणि आपापली उत्तरे शोधायची. गरोदर कोण राहणार? नोकरी कोण सांभाळणार? माहेरी काय सांगायचे? पुढे दोघींचे पटेनासे झाले तर बाळ कोणाकडे राहणार? हे प्रश्न कटू वाटतात, पण ते पाळणा हलण्यापूर्वीच सोडवलेले बरे.

दिवसांचे गणित

टोनी वेश्लर यांचे ‘टेकिंग चार्ज ऑफ युअर फर्टिलिटी’ (१९९५) सर्वच स्त्रियांसाठी आहे. रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी शरीराचे तापमान मोजणे, योनीतील स्रावात होणारा बदल पाहणे आणि त्याची नोंद ठेवणे ही पद्धत त्यात समजावली आहे. दोघींच्या बाबतीत तिचे महत्त्व जास्त. कारण स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकते. ताजे शुक्राणू गर्भाशयात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, पण वीर्यपेढीतले गोठवलेले शुक्राणू साधारण एक दिवसच. त्यामुळे वेळ चुकली की महिना वाया आणि पैसेही वाया! गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घेणेही विसरू नये.

दाता कोण असावा?

रेचेल पेपर यांचे ‘द अल्टिमेट गाइड टू प्रेग्नन्सी फॉर लेस्बियन्स’ (१९९९), स्टेफनी ब्रिल यांचे २००६ सालचे मार्गदर्शक पुस्तक आणि प्रसूतिसेविका क्रिस्टिन काली यांचे ‘क्वीअर कन्सेप्शन’ (२०२२) ही तीन पुस्तके खास या विषयावरची. वाचायला घेताना शेवटचे पहिले घ्यावे, कारण औषधोपचार आणि कायदे भराभर बदलतात.

ओळखीच्या मित्राकडून वीर्य घेऊन घरच्या घरी प्रयत्न करणे सोपे आणि स्वस्त वाटते. पण तपासणी न झालेल्या वीर्यातून एचआयव्हीसारखा संसर्ग होऊ शकतो. शिवाय कायद्याचा फासही बसू शकतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका दात्याने पितृत्वाचा हक्क सोडल्याचा करार केला होता. तरीही मध्ये डॉक्टर नसल्यामुळे २०१४ मध्ये न्यायालयाने त्यालाच कायदेशीर पिता ठरवले. तो निर्णय फिरायला २०१६ साल उजाडले.

कागदावर आई कोण?

खरी कसोटी इथेच आहे. जिने बाळाला जन्म दिला ती आई. पण रात्र रात्र जागणारी दुसरी कायद्याच्या दृष्टीने कोण? ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २००९ पासून दुसरीलाही पालक म्हणून नोंद मिळू शकते. मात्र दोघींची नोंदणी किंवा विवाह झालेला नसेल, तर परवानाधारक दवाखान्यातच उपचार घ्यावे लागतात आणि संमतिपत्रे आधीच भरावी लागतात.

आपल्याकडे २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याने २१ ते ५० वयाच्या एकट्या स्त्रीला हे उपचार घेता येतात आणि दात्याचा बाळावर हक्क राहत नाही. अविवाहित आईला वडिलांचे नाव न सांगता बाळाचा जन्मदाखला मिळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. परंतु समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. जोडप्याने दत्तक घ्यायचे तर ते विवाहित असावे लागते. म्हणजे दुसरी आई कागदावर परकीच! जन्मदात्रीचे बरेवाईट झाले तर बाळ कोणाकडे जाणार? अविवाहित हिंदू मातेला मृत्युपत्राने आपल्या बाळाचा पालक नेमता येतो. ही तरतूद वकिलाकडून नीट समजून घ्यावी.

मुलांचे काय?

आजी-आजोबांना हीच काळजी असते. नॅनेट गार्ट्रेल यांनी १९८६ पासून अमेरिकेतील अशा कुटुंबांचा पाठपुरावा केला. २०१० मध्ये त्यातली मुले सतरा वर्षांची असतानाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयांनी दिलेल्या माहितीनुसार ही मुले अभ्यासात आणि मिळून-मिसळून वागण्यात समवयस्कांपेक्षा मागे नव्हती, उलट सरसच होती. बाळ थोडे मोठे झाले की त्याला वाचून दाखवायलाही पुस्तक आहे, लेस्लिया न्यूमन यांचे ‘हेदर हॅज टू मॉमीज’ (१९८९).

यातले कोणतेही पुस्तक दोघींनी मिळून वाचावे आणि वाचताना प्रश्नांच्या दोन याद्या कराव्यात. एक डॉक्टरांसाठी, दुसरी वकिलासाठी. दोन्ही याद्यांची उत्तरे मिळाल्यावरच उपचारांची तारीख ठरवावी.